गणपतीच्या शाळेचं पाणी

माझा थोरला भाऊ फाल्गुनात गेला. शेडमध्ये तेव्हा साच्यातून काढलेले गणपती फळ्यांवर रांगेने बसलेले होते. पांढरे, बिनरंगाचे, डोळे नसलेले. दुखवट्याला बसायला आलेल्यांपैकी एका गृहस्थांनी मला कोपऱ्यात नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "आता यांचं कसं व्हायचं?" मला वाटलं, वहिनीबद्दल विचारतायत. म्हटलं, आम्ही आहोत सगळे. ते म्हणाले, "नाही, आमची मूर्ती सांगून ठेवलेली आहे ना, म्हणून." त्यांचं चुकलं नव्हतं. आलेल्या माणसांत खरा प्रश्न घेऊन आलेले ते एकटेच होते.

आमचे वडील कोकणातून कल्याणजवळ मोहन्याला कंपनीत नोकरी करायला आले आणि येताना गणपती घडवायची विद्या घेऊन आले. पाळी संपली की वस्तीबाहेरच्या तलावाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये माती मळत बसायचे. ते त्या शेडला शेवटपर्यंत 'शाळा' म्हणाले. कोकणात गणपती जिथे होतात ती शाळाच. दादाने ती हातात घेतली, शाडूच्या जोडीला प्लास्टर आलं, रबरी साचे आले, रंग मारायची गन आली, आणि बाहेरचे लोक 'कारखाना' म्हणू लागले. घरात मात्र शब्द बदलला नाही. मी डोंबिवलीत दुसऱ्या प्रकारच्या शाळेत मराठी शिकवत होतो. दादा म्हणायचा, "तुझी पोरं नापास होतात. माझा एक देव दाखव नापास झालेला." दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी मी हसायचो.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वहिनीने शेडचं कुलूप काढलं. लोक बोलले. तिने ऐकलं नाही, म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष केलं असं नव्हे, तिला ते ऐकूच गेलं नसावं. मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करणं आणि रंग कालवणं ही शेडमधली कामं पहिल्यापासून तिचीच होती. मी नोकरीतून मोकळा झालेला. रोज आंबिवलीला उतरून रिक्षाने शेडवर जाऊ लागलो. नातेवाईक म्हणत, दीर मदत करतोय. मदत अशी, की मी पालथ्या घमेल्यावर बसायचो, वहिनी घासायची, आणि दुपार जायची.

रडू दोघांनाही येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ जागेवर असतो, पण आपला नसतो; गरम चहाने भाजला तरी कळत नाही. ते दिवस तसे होते. त्यात थोर असं काही नव्हतं. मी आयुष्यभर जी पुस्तकं वाचली त्यांत शोक फार आवाज करतो. आमच्याकडे फक्त पॉलिश पेपरचा आवाज होता.

तलावाच्या पलीकडे अलीकडेच एक टॉवर उभा राहिला आहे. त्याच्या जाहिरातीत तलाव निळा छापला होता. आम्हाला आठवतं तेव्हापासून तो हिरवा आहे, आणि त्याचं कोणाला वाईट वाटलेलं नाही. पण ज्यांनी बाल्कनीसकट निळं पाणी विकत घेतलं त्यांना उन्हाळ्यात काठाशी एक पांढरा पट्टा दिसला, आणि त्यांनी तक्रार केली. वैशाख संपता संपता प्रभाग कार्यालयातला एक तरुण इंजिनीअर शेडवर आला. बरोबर टॉवरचे सेक्रेटरी होते. त्यांनी नाकाला रुमाल धरला होता. प्लास्टरला वास नसतो.

इंजिनीअर अदबीने बोलणारा होता. त्याने आधी दारातूनच मूर्तींना हात जोडले आणि मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही पर्जन्यजल वाहिनीत प्लास्टरचं पाणी सोडता अशी तक्रार आहे."

"वाहिनीत?" वहिनीने पॉलिश पेपर खाली ठेवला. "आमच्याकडे वाहिनीबिहिनी नाहीच हो. पाण्याचा नळसुद्धा एकच आहे."

"मग धुण्याचं पाणी कुठे टाकता?"

"गटारात," वहिनी म्हणाली. कोणी विचारावं, चपला कुठे काढता, आणि आपण म्हणावं, दारात, तितक्या सरळपणे.

कोपऱ्यात काका बसले होते. काका म्हणजे आमचे आखणीवाले. मूर्तीचे डोळे काढणं याला आखणी म्हणतात, आणि ती करणारा माणूस शेडमध्ये सगळ्यांत मोठा. हे पेणचे, वयाने दादापेक्षा मोठे, जिभेने त्याहून. डोळ्यांची वेळ अजून यायची होती, म्हणून ते नुसते बघत बसले होते. ते म्हणाले, "साहेब, इथे वहिनी एकच. ही समोर बसलेली. हिच्यात कोणी काही सोडत नाही."

सेक्रेटरी हसले आणि मग आपण तक्रारदार आहोत हे आठवून थांबले. वहिनीही किंचित हसल्यासारखी वाटली. फाल्गुनानंतर पहिल्यांदाच. नक्की सांगता येत नाही.

इंजिनीअरने शेडच्या दाराबाहेरच्या लोखंडी जाळीकडे बोट दाखवलं. "मॅडम, गटारं दोन असतात. एक संडास-मोरीचं. ते शुद्धीकरणाच्या प्लांटला जातं. दुसरं पावसाच्या पाण्याचं. ते सरळ तलावात, नाही तर नाल्यात, नाही तर नदीत. मध्ये काही नाही. टाकी नाही, गाळणी नाही. ही जाळी दुसऱ्याची आहे."

"पण हे गटारच ना?"

"हो," तो जरा गडबडला. "गटारच."

"मग मी तेच तर म्हणतेय."

मी हस्तक्षेप करायला हवा होता, निदान भाषेचा शिक्षक म्हणून. पण मला वहिनीचं बरोबर वाटत होतं. आमच्या भागात आषाढी अमावास्येला गटारी होते. श्रावण लागायच्या आत मटण आणि दारू संपवायचा तो सोहळा. विद्वान सांगतात की मूळ शब्द गतहारी. मूळ शब्दाची आमच्याकडे कोणाला गरज पडलेली नाही. ज्या भाषेने गटाराला सण दिला तिने दोन गटारांना दोन नावं काही दिली नाहीत. मोरीचं वाहतं ते गटार, पावसाचं वाहतं ते गटार, आणि दोन्हींत काहीही टाकलं की ते 'जातं'. कुठे जातं हे क्रियापद सांगत नाही. कार्यालयाला ही अडचण कळली असावी, म्हणून त्यांनी स्वतः 'पर्जन्यजल वाहिनी' हा शब्द तयार केला, आणि तो इतका सोवळा केला की त्याला कोणाच्या जिभेचा विटाळ होऊ नये.

जाताना इंजिनीअर म्हणाला, "पावसाळा लागला की मी परत येईन. जाळीत पांढरं दिसलं तर शेडला सील लावावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण लावावं लागेल."

"गणपती आत असले तरी?" वहिनीने विचारलं.

"असले तरी."

ते गेल्यावर वहिनी पुन्हा मूर्ती घासायला लागली. हात न थांबवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावोजी, शेडच गेली तर मी सकाळी उठून काय करू?"

मी फळीवरची पुढची मूर्ती उतरवून तिच्यापुढे ठेवली.

इंजिनीअरचं म्हणणं वहिनीला पटलं नव्हतं. कारण दादा. तलावाच्या बाबतीत दादा कर्मठ होता. लहानपणी आम्ही दोघं त्या तलावात पोहायला शिकलो, आणि दादा तिथल्या पायऱ्यांवर चप्पल घालून उतरणाऱ्यालासुद्धा हटकायचा. मूर्ती न्यायला येणाऱ्या प्रत्येकाकडून तो शब्द घ्यायचा, तलावात विसर्जन करायचं नाही, कृत्रिम हौदातच करायचं. ऐकलं नाही तर पुढच्या वर्षी मूर्ती नाही. आमचा घरचा गणपती शाडूचा, अंगणातल्या पिंपात विरघळायचा. एका हौशी मंडळाने तलावाकाठी कार्यक्रम करून त्याला 'तलावमित्र' म्हणून शाल-श्रीफळ दिलं होतं. मीही गेलो होतो. प्रमुख पाहुणे फार उशिरा आले आणि पर्यावरणावर फार वेळ बोलले. जनरेटरचा धूर त्यांच्या तोंडावर येत होता म्हणून मध्ये मध्ये खोकत होते. मंचासमोर 'तलाव वाचवा' अशी भली मोठी रंगीत रांगोळी होती. कार्यक्रम आटोपल्यावर मंडपवाल्याने टँकरचा पाईप लावून ती धुऊन काढली. आधी 'वाचवा' गेलं, मग 'तलाव'. सगळं जाळीतून खाली. आम्ही तिथेच उभे राहून वडे खात होतो. ते पाणी कुठे गेलं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. तलाव हाकेवर होता.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर पोचलो तर वहिनीने बादलीत हळद कालवून ठेवली होती. घरच्या डब्यातली, स्वयंपाकाची. म्हणाली, "रंग टाकायला नको. तुम्ही तलावावर जाऊन उभे राहा. पाइपाचं तोंड आहे ना तिकडे."

मी गेलो. काठावर सिमेंटच्या पाइपाचं तोंड गवतातून बाहेर आलेलं होतं. त्याच्याखालचे दगड पांढरे होते. सिंहस्थातल्या साधूंनी राख फासल्यासारखे. पलीकडे टॉवरच्या बाजूने तसंच दुसरं तोंड होतं, आणि त्यातून फेस येत होता. एक बगळा त्या फेसाच्या कडेने, पाय वाचवत चालला होता. फोन वाजला.

"ओतली," वहिनी म्हणाली. "आली?"

"नाही."

"पाणी कमी पडलं असेल. अजून एक बादली टाकते."

मागून काकांचा आवाज आला, "मास्तरांना विचार, लग्न कोणाचं आहे म्हणावं." वहिनी त्यांना काही बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही. मग फोनवर नुसता नळाचा आवाज. मी पाइपाच्या अंधारात बघत राहिलो. मनातून मला वाटत होतं, येऊ नये.

"आली का, भावोजी?"

"आली."

"पिवळी?"

"पिवळी."

दगडांवरून हळदीचं पाणी उतरलं, पांढऱ्यावरून गेल्यामुळे जास्तच पिवळं दिसलं, आणि तलावात शिरून दिसेनासं झालं.

"बरं," वहिनी म्हणाली. "या चहाला."

चहा पिताना ती म्हणाली, "म्हणजे लोकांना एक दिवस तलावात विसर्जन करू दिलं नाही, आणि आपण दिवाळीपासून रोज संध्याकाळी करत होतो." आवाजात काही चढ-उतार नव्हता. वाण्याकडचं सामान सांगावं तसं सांगितलं. मग कप खाली ठेवून विचारलं, "यांना माहीत नव्हतं ना?"

"नाही."

"मग ठीक."

त्या दिवसापासून शेडमधला पाइप गुंडाळून खिळ्याला टांगला. दादाची रीत अशी होती, की दिवसाचं काम संपलं की घमेली, वाट्या, साचे आणि जमीन, सगळं पाण्याच्या जोरावर दारापर्यंत लोटायचं आणि जाळीत सोडायचं. शेड आरशासारखी व्हायची. ती स्वच्छता बघायला मी कधी कधी मुद्दाम संध्याकाळी जायचो. आता वहिनीने उलटा क्रम धरला. प्लास्टर उरलं तर घमेल्यातच सुकू द्यायचं, मग घमेलं पालथं घालून ठोकायचं. टरफलासारखं सुटून येतं. जमीन आधी झाडायची, धूळ गोणीत. धुवायचं ते सर्वांत शेवटी, आणि तेही पिंपात. जाळीच्या अलीकडे विटांचा बुटका बांध घालून घेतला, म्हणजे चुकून सांडलं तरी बाहेर जाऊ नये. तीन पिंपं ओळीने मांडली. पहिल्यात धुण्याचं पाणी. रात्रभरात प्लास्टर तळाशी बसायचं, वरचं निवळलेलं पाणी तांब्याने अलगद दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि तिसऱ्यातल्या पाण्याने पुन्हा धुवायला सुरुवात. खालचा गाळ पत्र्यावर पसरून उन्हात वाळवायचा आणि गोणीत भरायचा. पाणी त्याच त्याच पिंपांतून फिरत राहायचं.

काकांना हे आवडलं नाही. रंगाचं काम सुरू झालं तेव्हा वहिनीने त्यांच्यापुढे फडक्यांचा गठ्ठा ठेवला. ब्रश आधी फडक्याला पुसायचे, फिका रंग आधी, गडद मागून, आणि मग एकाच डब्यात खळबळायचे.

"अगं वहिनी, जन्मभर ब्रश नळाखाली धुतले," काका म्हणाले. "आता ब्रशाच्या आंघोळीला पण सोवळं-ओवळं?"

"काका, तुमचे डोळे काढायचे ब्रश किती बारीक. त्याला कशाला नळ लागतो?"

"ब्रशाला नाही लागत. मला लागतो. नळाखाली हात धरला की बरं वाटतं."

"मग नुसता हात धरा. ब्रश बाहेर ठेवा."

काका माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचा भाऊ असता ना, तर..." आणि थांबले. त्यांनी एक फडकं उचललं.

सकाळी शेड उघडल्यावर वहिनी आधी पहिल्या पिंपाशी जायची आणि वाकून बघायची. "बसलं," म्हणायची. मग दिवस सुरू व्हायचा. कधी कधी, विशेषतः रंग जास्त असला तर, पाणी गढूळच असायचं. "नाही बसलं अजून," म्हणून ती त्या पिंपाला हात लावायची नाही. त्या दिवसांत आम्ही जे काही बोललो त्यातलं बरंचसं या पाण्याबद्दल होतं. आम्हाला दुसरं काही बोलता येत नव्हतं, आणि पाण्याबद्दल बोलता येत होतं.

मधल्या काळात मी टॉवरच्या सेक्रेटरींना भेटून आलो. तक्रार करायची म्हणून नाही. पण फेस मी डोळ्यांनी बघितला होता. ते लॉबीत कृत्रिम धबधब्याशेजारी बसले होते. मी सांगितलं, तुमच्याकडे पार्किंगमध्ये गाड्या धुतात, ते पाणी तुमच्या जाळीतून तलावात येतं.

"अहो, ते फक्त साबणाचं पाणी आहे," ते म्हणाले.

"हो, साबणाचंच."

"मग? साबण म्हणजे स्वच्छताच ना?"

मी धबधब्याकडे बघत बसलो. त्यांनी मला पाणी विचारलं, बाटलीतलं. पुढे त्यांच्या लिफ्टमध्ये 'गाड्या ओल्या फडक्याने पुसाव्यात' असा कागद लागला, असं वॉचमनने सांगितलं. गाड्या पुसल्या जातात की नाही ते मला माहीत नाही. फेस कमी झाला होता, पण तो पुढे पावसाने वाहून नेला असेल. मी कोणालाही श्रेय देण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

माझ्या डोंबिवलीच्या सोसायटीतही मी एक पाटी लावली. आमच्याकडे जाळीत काय जात नाही? तळणाचं तेल, फरशी पुसलेलं फिनेल, रंगाऱ्यांची बादली, कुंड्यांवर मारलेलं औषध. पाटीवर मी लिहिलं, 'ही जाळी फक्त पावसाच्या पाण्यासाठी आहे. इथे टाकलेलं सरळ खाडीत जातं.' सोपं लिहिलं होतं, आठवीच्या मुलाला कळेल असं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी खाली पेनाने लिहिलं होतं, 'जाऊ द्या की.' अक्षर चांगलं होतं. माझा विद्यार्थी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

जाळीत नवीन काही जात नव्हतं, तरी जुनं होतंच. इंजिनीअरने जाता जाता सांगितलं होतं, की आत साठलेलंही पावसाने सुटून तलावात जाईल आणि मग ते तुमचंच धरलं जाईल. म्हणून ज्येष्ठात एका सकाळी जाळी उचलली. खाली पाणी वाहायला जेमतेम वीतभर वाट उरली होती. बाकी सगळं प्लास्टर. रोजच्या धुण्यातलं थोडं थोडं बसत बसत त्याचा दगड झालेला. काकांना वाकता येत नव्हतं, म्हणून छिन्नी-हातोडा मी घेतला. खडू सोडून दुसरं हत्यार मी फारसं हातात धरलेलं नाही, आणि खडूही प्लास्टरचाच भाऊबंद. दुपारपर्यंत हाताला फोड आले. ते दिसत होते, दुखत नव्हते.

पहिलं मोठं ढेकूळ निघालं तेव्हा त्याची फुटलेली बाजू वर आली. पांढऱ्यात रंगांचे थर होते. पिवळा, मग पांढरा, मग गुलाबी, मग पांढरा, मग जाड निळा. प्रत्येक गणपतीच्या सुमाराला एक रंग आणि दिवाळीनंतर पांढरं, असे वर्षामागून वर्षं बसत गेलेले. वहिनी गोणी धरून शेजारी उभी होती. तिने ढेकूळ हातात घेऊन फिरवलं.

"हा निळा त्या वर्षीचा," ती म्हणाली. "सगळ्यांना शंकराच्या रूपातला पाहिजे होता. निळा पुरेना. हे कल्याणला जाऊन डबे घेऊन आले, आणि येताना पावसात भिजून आजारी पडले. आणि हा गुलाबी... हा आवडायचा नाही यांना. म्हणायचे, देव आहे की बर्फाचा गोळा."

तिने बोट थरांवरून खालपासून वरपर्यंत फिरवलं. सगळ्यांत वर नुसता पांढरा होता, पातळ. त्यावर रंग चढायचा राहिलेला. मी बघत होतो. मला वाटलं, ती हा तुकडा बाजूला काढून ठेवेल. फार वाचल्यामुळे मला असं वाटतं. तिने तो गोणीत टाकला.

"भावोजी, ही गोणी खालून फाटलीय. दुसरी आत घाला, नाही तर सगळं परत इथेच सांडायचं."

मी दुसरी गोणी आणली. संध्याकाळपर्यंत नाली खालच्या सिमेंटपर्यंत मोकळी झाली. गोण्या बांधकामाचा राडारोडा नेणाऱ्या गाडीत चढल्या. गाडीवाल्याने विचारलं, काय आहे यात? काका म्हणाले, "गणपती. बिनपूजेचे." गाडीवाल्याने गोण्या जरा हळू ठेवल्या.

इंजिनीअर आला तेव्हा पाऊस लागलेला होता आणि शेडमध्ये पिवळे पितांबर सुकत होते. येताना त्याने कोणाला कळवलं नव्हतं. या वेळी सेक्रेटरी नव्हते. तो छत्री मिटून आधी जाळीपाशी बसला आणि बॅटरी मारून आत बघितलं. वहिनी दारात उभी राहिली. तिच्या हाताला पिवळा रंग होता आणि ती तो पदराला पुसायचं विसरून गेली होती. मी तिच्याकडे बघत होतो, कारण जाळीकडे बघवत नव्हतं. नालीतून पावसाचं पाणी चाललं होतं; मातकट, पाचोळा घेऊन. पांढरं नव्हतं.

तो उठला आणि आत आला. नळ बघितला, मोरी शोधली. मोरी नव्हती. "मॅडम, काम तर चालू दिसतंय. मग पाणी जातं कुठे तुमचं?"

"कुठे नाही," वहिनी म्हणाली. "बसतं."

त्याला कळलं नाही. तिने त्याला पिंपांपाशी नेलं आणि पहिल्याचं झाकण काढलं. त्याने वाकून बघितलं, बोट बुडवलं, तळाच्या पांढऱ्याला लागेपर्यंत. मग फोनमध्ये एक फोटो काढला. "मी हा वर दाखवतो," तो म्हणाला. वर म्हणजे कुठे हे त्याने सांगितलं नाही, आणि वर काय झालं तेही आम्हाला कधी कळलं नाही. सील लागलं नाही. त्या वेळी तेवढं पुरेसं होतं.

तो गेल्यावर काका म्हणाले, "आता तरी नळाखाली हात धरू का?" वहिनी म्हणाली, "धरा." काकांनी बराच वेळ हात धरला, खाली बादली ठेवायला ते विसरले नाहीत.

श्रावणात डोळे झाले. भाद्रपदात लोक पाट, रुमाल आणि ताशे घेऊन आले आणि एकेक करून सगळे गणपती गेले. बसायला आलेले ते गृहस्थही आपली मूर्ती घेऊन गेले, वहिनीला म्हणाले, "या वेळी डोळे काय छान झालेत." काका पेणच्या गाडीला लागले. जाताना त्यांनी ब्रश स्वतःच्या पिशवीत घातले आणि फडकी वहिनीच्या हातात दिली.

वर्ष झालं नव्हतं, म्हणून आमच्या घरी गणपती नव्हता. चतुर्थीच्या सकाळी मी वहिनीकडे गेलो. त्या दिवशी तिने एकटीने घरात बसू नये, असं माझ्या बायकोचं म्हणणं होतं. तिने डब्यात साधं भात-वरण दिलं होतं, मोदक नाहीत. घराला कुलूप होतं. शेडवर गेलो तर दार उघडं. फळ्या रिकाम्या होत्या, त्यांच्यावर मूर्तींच्या बैठकांचे गोल-चौकोनी डाग तेवढे. आजूबाजूला चारही दिशांनी आरत्या चालू होत्या, एकात एक मिसळलेल्या, कोणाचंच कडवं कोणाशी जुळत नव्हतं. वहिनी पहिल्या पिंपावर वाकलेली होती.

"आज कशाला आलीस?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी सगळं धुतलं ना. बघायला नको?"

तिने तांब्या उचलला आणि वरचं पाणी काढायला सुरुवात केली. अगदी सावकाश, तांब्या खोल न नेता तिरका बुडवून, म्हणजे तळ हलू नये. मी दुसऱ्या बाजूने पिंप धरलं. धरायची गरज नव्हती. तिसरं पिंप भरत आलं तेव्हा तिने हात पुसले आणि आत बघितलं.

"दिवाळीनंतर पहिलं प्लास्टर याच पाण्यात कालवू," ती म्हणाली.

"बरं."

"झाकण घट्ट लावा, भावोजी. डास होतील."

मी झाकण लावलं. तिने ते हलवून बघितलं आणि वर एक वीट ठेवली.